खिळ्यांच्या पट्ट्याकडे परत जा

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी वाचकाने दीड वर्षापूर्वी मध्यम किमतीचा मेटल डिटेक्टर घेतला. लिंकनशरमधल्या दोन शेतांची परवानगी त्यांना मिळाली आहे. जवळजवळ प्रत्येक शनिवारी जाऊनही हाती लागतात ते खिळे, बंदुकीच्या काडतुसांच्या पितळी टोप्या आणि कॅनच्या कड्या. ओळखीचे लोक म्हणतात, ही शेतं आधीच्यांनी 'संपवलेली' आहेत. मित्र म्हणतो, दुप्पट किमतीचं मशीन घे. काय करावं?

मशीन बदलू नका आणि शेतही सोडू नका. या दोन्ही गोष्टी मी सुरुवातीला केल्या आणि त्यात माझे तीन हंगाम गेले. आज १५ वर्षं मी पूर्व इंग्लंडमधल्या शेतांत डिटेक्टर चालवते आहे. मला जे काही चांगलं सापडलं त्यातलं बहुतेक अशाच शेतांतून आलं, जी दुसऱ्या कोणीतरी संपली म्हणून सोडून दिली होती.

आधी एक हिशोब करू. तुमच्या मशीनची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, २८ सेंटीमीटरची धरा. ती तुम्ही डावीकडून उजवीकडे साधारण दीड मीटर फिरवता. नीट ऐकायचं असेल तर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला २ सेकंद लागले पाहिजेत आणि दर फेरीला पुढे सरकायचं ते फक्त १५ सेंटीमीटर, म्हणजे कॉइलचा निम्मा भाग आधीच्या पट्ट्यावरून पुन्हा जातो. हे निम्मं अंतर का, तर कॉइलखालचं क्षेत्र खोल जाताना अरुंद होत जातं. वरच्या ५ सेंटीमीटरांतलं नाणं कॉइलच्या कडेनेही ऐकू येईल, पण २० सेंटीमीटरवरचं नाणं बरोबर मधल्या पट्टीखाली आलं तरच बोलेल. तर २ सेकंदांत झालं ०.२२५ चौरस मीटर, तासाला ४०५ चौरस मीटर. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकराला १० तास, आणि १० एकरांच्या शेताला १०० तास, तेही खणण्यात गेलेला वेळ न धरता आणि एकाच दिशेने. शनिवारी ४ तास जमतात म्हटलं तरी २५ शनिवार. पीक नसलेली, चालता येईल अशी जमीन वर्षाकाठी सात-आठ शनिवार मिळते. तुम्हीच सांगा, दोन-चार माणसांनी येऊन दोन-चार रविवारी चक्कर मारलेलं शेत संपेल कसं?

म्हणून पहिला सल्ला वेगाचा. बहुतेक लोक चालता चालता कॉइल झुलवतात, झुल्याच्या दोन्ही टोकांना ती वीतभर उचलली जाते आणि तिथे मशीन हवाच ऐकत असतं. कॉइल जमिनीपासून एक-दोन बोटांवर, सपाट आणि शेवटपर्यंत त्याच उंचीवर राहिली पाहिजे. वर उचललेला प्रत्येक सेंटीमीटर खालच्या खोलीतून वजा होतो. चार तासांत शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलात, तर तुमचा चालण्याचा व्यायाम झाला, शोध झाला नाही. मी दोऱ्या आणि बांबूच्या काठ्या घेऊन जाते, २० बाय २० मीटरचा चौकोन आखते आणि सकाळभर तेवढंच करते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटलं: 'एका शेताच्या वरच्या कोपऱ्यात इतके खिळे आहेत की तिकडे जाणंच सोडून दिलं.' तुमचं खरं शेत तेच आहे.

खिळे आपोआप उगवत नाहीत. जिथे लोखंड दाट, तिथे कधीतरी काहीतरी उभं होतं किंवा घडत होतं: घर, गोठा, लोहाराची भट्टी, कुंपण. कुंपणाचं किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या पत्र्याच्या शेडचं लोखंड असेल तर फार काही हाती लागत नाही, हे खरं. पण नांगरटीच्या मातीत लहान, चौकोनी कापाचे, हाताने ठोकलेले खिळे येत असतील, त्याच्याच आसपास लालसर कौलांचे आणि खापरांचे तुकडे दिसत असतील, तर तिथे माणसं राहत होती. आपल्याकडे शेताला 'काळी' आणि गावठाणाला 'पांढरी' म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती मिळून गावठाणाची जमीन पांढुरकी होते. इंग्लंडमध्ये रंग बहुधा उलटा असतो, जुन्या वस्तीची माती आजूबाजूच्यापेक्षा काळपट दिसते. पण विचार तोच. तुम्ही रोज काळीत फिरताय आणि पांढरी टाळताय.

माझ्या सर्वांत जुन्या परवानगीच्या शेतात ओढ्याच्या वरच्या उतारावर असा ४० मीटर रुंदीचा पट्टा होता. माझ्या आधी तिथे किमान तिघांनी शोध घेतला होता, आणि मीही दोन वर्षं त्याला वळसा घालून जात होते, कारण तिथे शिरलं की हेडफोनमध्ये नुसती खरखर. एका फेब्रुवारीत मी मशीनला लहान कॉइल लावली, लोखंड गाळण्याची सेटिंग पूर्ण बंद केली आणि बॅडमिंटनच्या कोर्टाएवढ्या तुकड्यात तीन तास काढले. चौथ्या शतकातली चार छोटी रोमन ब्राँझची नाणी, अर्धा ब्रोच आणि शिशाचं एक वजन मिळालं. आणि जे ढीगभर खिळे मी टाळत होते, त्यांतले बरेचसे रोमन चपलांच्या तळाला ठोकायचे गोल डोक्याचे बारके खिळे निघाले. त्या जागेवरून माणसं चालत होती! ते खिळे हातात घेऊन मी बराच वेळ बांधावर बसले होते.

लोखंड गाळण्याची सेटिंग बंद का करायची, ते नीट समजून घ्या, कारण इथेच नवे लोक अडकतात. कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडते. त्याने धातूच्या तुकड्यात छोटे भोवरा-प्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र थोडं उशिराने परत येतं. तो उशीर किती, यावरून मशीन आकडा आणि सूर ठरवतं. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे हीच गाळण्याची सेटिंग, लावून तुम्ही खिळ्याला मुकं केलंत की खिळ्यावर असताना मशीन गप्प बसतं, आणि त्या गप्प बसलेल्या क्षणात शेजारी ५ सेंटीमीटरवर पडलेलं नाणंही त्याला ऐकू येत नाही. शेत 'शांत' वाटतं, म्हणून लोक खूश होऊन पुढे जातात. खरं तर त्यांनी स्वतःच्या कानांत बोळे घातलेले असतात. लोखंडाला मुकं करण्यापेक्षा त्याला एक जाड, हळू आवाज द्या आणि त्या घुरघुरीत मधूनच येणारा स्वच्छ चिवचिवाट ओळखायला शिका. मशीनमध्ये रिकव्हरी स्पीड नावाची सेटिंग असेल तर खिळ्यांच्या पट्ट्यात ती वाढवा. एका सिग्नलवरून दुसऱ्यासाठी मोकळं व्हायला मशीन किती वेळ घेतं, ते ही सेटिंग ठरवते. ती वाढवली की खोली थोडी कमी होते. दाट लोखंडात हा सौदा फायद्याचा आहे, मोकळ्या रानात नाही.

हे कानात बसण्यासाठी घरामागच्या अंगणात एक सराव करा. जमिनीवर तांब्याचं नाणं ठेवा, त्याच्यापासून ५ सेंटीमीटरवर एक गंजका खिळा. डिस्क्रिमिनेशन लावून कॉइल फिरवा, मग काढून फिरवा. मग नाण्याभोवती गोल चालत प्रत्येक दिशेने ऐका. एका दिशेने नाणं नाहीसं होईल आणि ९० अंश वळलात की परत येईल. मग खिळा नाण्याच्या वर ठेवा. मग दोन खिळे, मध्ये नाणं. दोन संध्याकाळी हा खेळ केलात तर नव्या मशीनवर खर्च होणाऱ्या पैशांपेक्षा जास्त मिळवाल, असं मी अनुभवाने सांगते. याच्या उलटही घडतं. वाकलेला खिळा किंवा गंजलेला चपटा पत्रा कधीकधी चांदीसारखा उंच सूर काढतो. पण वळून दुसऱ्या दिशेने ऐकलंत तर तो सूर फुटतो, सरकतो, नाहीतर लोखंडाच्या घुरघुरीत बुडतो. नाणं सहसा दोन्ही दिशांनी त्याच जागी, त्याच सुरात बोलतं.

पडद्यावरच्या आकड्यांवर मात्र फार विश्वास ठेवू नका. कॅनची कडी, ॲल्युमिनियमचा कागद, सोन्याची बारीक अंगठी आणि मध्ययुगीन चांदीच्या पेनीचा कापलेला तुकडा हे सगळे मधल्याच आकड्यांत येतात. तेराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुटे पैसे हवे असले तर पेनीच तिच्यावरच्या क्रुसाच्या रेषेवर कापून अर्धी किंवा पाव करत. अख्खी पेनी सुमारे १.४ ग्रॅमची, म्हणजे पाव तुकडा ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. त्याचा सूर एखाद्या राजाच्या नाण्याला शोभेल असा मुळीच नसतो, कुजबुजच असते. पहिले दोन हंगाम दोन्ही दिशांनी टिकणारा प्रत्येक सिग्नल खणा. कड्या खणायचा कंटाळा येईल. पण कड्या सोडायला लागलात की त्यांच्याबरोबर या बारक्या चांदीवरही पाणी सोडताय.

आता मुळात कुठे शोधायचं, याबद्दल. शेतात नाणी विखुरलेली का सापडतात, हे कळलं की नजर बदलते. बरीचशी नाणी तिथे कोणी पुरलेली नसतात. शहरातला आणि गावातला कचरा, राख, मैला खत म्हणून गाड्या भरभरून शेतांवर जाई आणि त्यातून बक्कल, बटणं, अंगुस्तान, पडलेली नाणी सगळीकडे पसरत. अशा जमिनीत सगळीकडे थोडं थोडं असतं आणि कुठेही फार नसतं. याउलट जुनी पायवाट, ओढ्याचा उतार, जत्रेची जागा, दोन वाटा मिळतात तो कोपरा, मोठ्या झाडाची सावली, जिथे मजूर भाकरी खायला बसले असतील, अशा ठिकाणी नाणी खरोखर पडतात. म्हणून शनिवारच्या आधीचा बुधवार नकाशांना द्या. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या नकाशा-संस्थेचे जुने नकाशे आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून मोफत पाहता येतात आणि त्यांत इंग्लंडही आहे. आज नसलेली वाट, बुजलेलं तळं, पाडलेलं कुंपण तिथे दिसतं. १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेल्या टाइद नकाशांबरोबरच्या (टाइद म्हणजे चर्चचा दशांश कर) याद्यांत शेताशेताची नावं आहेत, आणि नावं बोलतात. चॅपल, फेअर, मिल असे शब्द एखाद्या शेताच्या नावात आले तर तिथे थांबा. एन्व्हायर्नमेंट एजन्सीची लायडार चित्रं विमानातून लेझरने मोजलेली उंची दाखवतात. गवताखालचे बुजलेले चर, जुन्या नांगरटीच्या लाटा, घरांचे चौथरे त्यांत उमटतात. कोरड्या उन्हाळ्यातल्या हवाई चित्रांत पिकाच्या रंगातला फरकही बघा, कारण बुजलेल्या चरावरचं पीक जास्त दिवस हिरवं राहतं.

नकाशावर काही ठळक दिसलं की आधी ते संरक्षित स्मारक नाही ना, याची खात्री करा. १९७९ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाच्या जागेवर लेखी संमतीशिवाय डिटेक्टर चालवणं हा गुन्हा आहे, जमीन कोणाचीही असो. काही शेतं सरकारी पर्यावरण-योजनेत असतात, तिथेही अटी असतात. शेतमालकाला सरळ विचारा.

हंगामाबद्दल आपल्याकडचा एकच शब्द पुरेसा आहे: वाफसा. पेरणीसाठी माती जशी हवी, ओली पण न चिकटणारी, तशीच ती आपल्यालाही हवी. कोरड्याठाक ऑगस्टात धसकटांमुळे कॉइल वीतभर वर राहते आणि माती दगडासारखी असते. तेव्हा फक्त वरवरचं मिळतं. नांगरटीनंतर लगेच ढेकळांत जाऊ नका, मातीतल्या पोकळ्या सगळा सिग्नल खातात. पेरणी होऊन वरून रोलर फिरला आणि दोन दिवस पाऊस पडला की ती जमीन म्हणजे आपल्यासाठी दिवाळी. कोंब वर यायच्या आत मालक चालायला देत असेल तर रजा काढून जा. वसंतात पेरायचं जव किंवा शुगर बीट घेणारे शेतकरी शोधा, कारण त्यांची जमीन बऱ्याचदा हिवाळाभर उघडी असते. एक सावधगिरी: ज्या शेतावर शहरी हिरव्या कचऱ्याचं खत टाकलंय तिथे बारीक ॲल्युमिनियम आणि पत्र्यांचा इतका चुरा असतो की कान किटतात. असं शेत मी आजही सोडते.

परवानगीबद्दल बोलायलाच हवं, कारण या छंदात यश टिकतं ते शेतकऱ्याच्या विश्वासावर. जमीन एकाची आणि कसणारा दुसरा असेल तर दोघांना विचारा आणि सापडलेल्या वस्तूंचं काय होईल हे कागदावर लिहून ठेवा. पीक, मेंढ्यांचा विण्याचा काळ आणि शिकारीचे दिवस विचारून घ्या. फाटक जसं होतं तसं ठेवा. गवताच्या कुरणात खणताना गवताचा चकता तीन बाजूंनी कापून बिजागरीसारखा उघडा, माती प्लॅस्टिकवर काढा, परत दाबून बसवा. दहा मिनिटांनी तुम्हालाच जागा सापडू नये. सापडलेला भंगार धातू कधीही परत टाकू नका. तार आणि खिळे चाऱ्यातून गाईच्या पोटात गेले तर गाय दगावू शकते, हे प्रत्येक गोपालकाला माहीत असतं. मी पहिल्या वर्षी मालकाला शिसं, तारा आणि नांगराचे तुटके दात यांची बादली दाखवली. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतःहून शेजारच्या शेतकऱ्याला माझं नाव सांगितलं.

आणि मालकाची हरवलेली वस्तू शोधायला कधी नाही म्हणू नका. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावात एरिक लॉझ हे एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. त्यांना सोन्याचांदीची रोमन नाणी लागली. थोडं खणून ते थांबले आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी जागा उघडली. त्यात १४,८६५ नाणी, दागिने आणि चांदीची भांडी होती. हातोडाही सापडला. आज तोही ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

थांबणं हेच या गोष्टीत मला सर्वांत मोठं वाटतं. एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांना मडक्याचा काठ दिसला आणि त्यांनी हात आवरला. त्या एका मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी होती. पुरातत्त्वज्ञांनी ती थराथराने काढली, म्हणून कळलं की सर्वांत उशिराच्या राजवटीतली बरीच नाणी वरच्या थरात नव्हती, मडक्याच्या मध्याच्याही खाली होती. म्हणजे वर्षानुवर्षं नाणी साठत गेली नव्हती, मडकं एकदमच भरलं गेलं होतं. क्रिस्प यांनी उत्साहाच्या भरात ओंजळी भरभरून नाणी काढली असती तर नाणी तेवढीच मिळाली असती, पण ही गोष्ट कायमची गेली असती. तुम्हाला एकाच खड्ड्यात दोन-तीन नाणी लागली किंवा नांगराच्या पातळीखाली, म्हणजे साधारण ३० सेंटीमीटरखाली, न हललेल्या मातीत काही लागलं, तर खड्डा झाका, जागा नोंदवा आणि काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरना, म्हणजे अशा शोधांची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्यांना, फोन करा. हाच नियम बॉम्बसदृश वस्तूला: हात लावू नका, ९९९ वर पोलिसांना कळवा. पूर्व इंग्लंडमध्ये युद्धकाळातले विमानतळ पुष्कळ होते, त्यामुळे ही शक्यता खरी आहे.

कायदा तुम्हाला पाठच हवा. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडला १९९६ चा ट्रेझर ॲक्ट लागू आहे. ३०० वर्षांहून जुनी आणि किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली, नाणं नसलेली वस्तू. एकाच ठिकाणची तितकीच जुनी आणि तेवढं सोनं-चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी. हलक्या धातूची असतील तर दहा किंवा अधिक. प्रागैतिहासिक काळातल्या धातूच्या वस्तूंचा समूह. आणि जुलै २०२३ पासून २०० वर्षांहून जुनी, अपवादात्मक महत्त्वाची धातूची वस्तू, या सगळ्यांची सूचना १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे अशा शोधांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, द्यावी लागते. व्यवहारात तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लिएझन ऑफिसरना कळवलं की ते वाट दाखवतात. संग्रहालयाने वस्तू घेतली तर ठरलेली रक्कम सहसा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटली जाते. उत्तर आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधायला परवानाच लागतो, स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत आणि लंडनमध्ये थेम्सच्या काठावर शोधायलाही परवाना हवा. २०१५ मध्ये हेरफर्डशरमधल्या लेमिन्स्टरजवळ दोघांना मोठा साठा सापडला, त्यांनी तो लपवून विकायला काढला. २०१९ मध्ये त्यांना अनेक वर्षांचा तुरुंगवास झाला. त्यातली नाणी वेसेक्स आणि मर्शिया या दोन जुन्या इंग्रज राज्यांच्या राजांच्या, म्हणजे आल्फ्रेड आणि मर्शियाचा राजा यांच्या, मैत्रीचा पुरावा होती, आणि अंदाजे ३०० पैकी खटल्यापर्यंत ३० च्या आसपासच परत मिळाली होती. बाकीच्यांबरोबर इतिहासाचं एक पान गेलं, याचा मला आजही राग येतो.

पण 'ट्रेझर' नसलेल्या वस्तूंचीही नोंद करा. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या, लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेत आजवर १५ लाखांहून जास्त वस्तूंची नोंद आहे आणि त्यांतल्या बहुतेक आपल्यासारख्यांनी आणून दाखवलेल्या आहेत. प्रत्येक वस्तूसाठी ऑर्डनन्स सर्व्हेचा किमान ८ आकडी ग्रिड संदर्भ लिहा, जमल्यास १० आकडी: पहिल्याने १० मीटरपर्यंत जागा कळते, दुसऱ्याने १ मीटरपर्यंत. फोनवर हे सहज मिळतं. प्रत्येक वस्तू वेगळ्या छोट्या पिशवीत, वर आकडा. हा त्रास इतिहासासाठी जितका आहे तितकाच तुमच्या स्वार्थासाठीही आहे. तीन हंगामांनंतर मी माझ्या शेताच्या नकाशावर बक्कल, शिशाच्या गोळ्या, चांदीचे तुकडे ठिपक्यांनी मांडले तेव्हा ओढ्यापासून चर्चच्या दिशेने जाणारी एक तिरकी रेघ उमटली. कुठल्याच जुन्या नकाशावर ती वाट नव्हती. पुढच्या वर्षी मी फक्त त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर शोधलं आणि त्या एका हंगामात आधीच्या तिन्ही हंगामांपेक्षा जास्त मध्ययुगीन चांदी मिळाली. खिळ्यांचीही दाटी नकाशावर नोंदवा: कमी, मध्यम, खूप. तुमची पांढरी तिथे दिसेल.

सापडलेली वस्तू घासू नका. आपल्या घरांत देवाची तांब्याची भांडी चिंच लावून लखलखीत करायची सवय असते. माझं पहिलं रोमन नाणं मी तसंच घासलं आणि सतराशे वर्षं टिकलेला राजाचा चेहरा पाच मिनिटांत पुसून टाकला. ब्राँझवरचा हिरवा-तपकिरी थर म्हणजे नाण्याची त्वचा आहे, अक्षरं त्या थरातच टिकून असतात. ब्राँझ कोरडंच ठेवा. चांदीवरची माती फार तर साध्या पाण्याने निघू द्या, अंगठ्याने चोळू नका. बाकीचं तज्ज्ञांवर सोपवा. आणि शिसं हाताळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. धनुर्वाताचं इंजेक्शनही घेतलेलं असू द्या.

तुम्ही शेवटी विचारलं होतं की सुट्टीत भारतात येताना मशीन आणून गावाकडे, गडाच्या पायथ्याला फिरवावं का. नाही. गड आणि इतर संरक्षित जागांना १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागू आहे. परवान्याशिवाय तिथे खणता येत नाही. खासगी जमिनीत काही सापडलं तरी १८७८ चा निखात निधी कायदा लागतो, आणि त्यात १० रुपयांहून जास्त किमतीचं काही असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. इंग्लंडसारखी छंदिष्टांच्या शोधांची नोंद घेणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या परिसरात सोन्याच्या मोहरांच्या अफवेवर लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. ती दृश्यं बघून मला झोप लागली नाही, कारण त्या खड्ड्यांतून जे निघालं असेल त्याचा ठावठिकाणा कायमचा पुसला गेला. गावी आलात तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या परिसरात लोकांना सापडलेल्या वस्तू आयुष्यभर जपल्या आणि त्यांतूनच तिथलं संग्रहालय उभं राहिलं. रोमशी व्यापार करणारं तगर नगर ते हेच. इंग्लंडच्या शेतात जी नाणी तुम्ही शोधताय, त्यांच्या साम्राज्याच्या व्यापाराचं दुसरं टोक तिथे बघायला मिळेल.

पैसे खर्चायचेच असतील तर मशीनऐवजी तीन गोष्टींवर खर्च करा: तुमच्या मशीनला बसणारी १५ ते २३ सेंटीमीटरची लहान कॉइल, एक चांगला पिनपॉइंटर (खड्ड्यातल्या वस्तूची नेमकी जागा दाखवणारं हातातलं छोटं यंत्र) आणि कान झाकणारे हेडफोन. सप्टेंबरात त्या खिळ्यांच्या शेतावर रोलर कधी फिरणार ते मालकाला आताच विचारून ठेवा. पाऊस पडून गेला की काठ्या आणि दोरी घेऊन त्या खिळ्यांच्या कोपऱ्यात जा, १० बाय १० मीटरचाच चौकोन आखा, आधी उभा आणि मग आडवा असा दोनदा शोधा. तिथे निघालेले खिळेही फेकू नका. त्यांचे फोटो आणि जागा घेऊन फाइंड्स लिएझन ऑफिसरना भेटा आणि पहिला प्रश्न खिळ्यांबद्दलच विचारा.